भाच्याचं उन्हाळी घर आणि चरीची जमीन

अद्रकाला माती लावून झाली, मक्याला दुसरा हप्ता पडला, पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय. म्हणून आज पिकाची नोंद नाही, जमिनीची नोंद लिहितो. जरा लांब झालीय, बांधावर बसून निवांत वाचा.

यंदा होळीच्या आधी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो ठाण्याला नोकरीला आहे. म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात लेकरांना घेऊन राहायला समुद्राकाठी छोटं घर बघतोय. अलिबागकडं. जागा मिळतीय, पण शेतजमीन आहे, अन् मी काही शेतकरी नाही. तुम्ही सातबारा द्या. पैसे माझे, नाव तुमचं."

दाजींनी त्यांची सात एकर जमीन लेकीच्या लग्नात विकली, त्याला वीस वर्षं झाली. शेवटचा तुकडा गेला त्या दिवशी त्या घरातला शेतकरी कागदावरून संपला. आता भाच्याला शेत घ्यायचं तर मामाचा सातबारा लागतो.

मी लगेच नाही म्हणलो नाही. बहिणीचा मुलगा आहे. म्हणलं, "आधी जागा दाखव." त्याला वाटलं मामा समुद्र बघायला येतोय. तेही खोटं नव्हतं. वेरूळहून समुद्र चारशे किलोमीटरच्या घरात आहे. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या अख्ख्या राज्यालाच शेवटी शेवटी समुद्र उरला नव्हता. आमच्याकडं ज्याला थंड हवा हवी तो म्हैसमाळला जातो अन् संध्याकाळी घरी येतो.

तरी वेरूळचा अन् त्या किनाऱ्याचा संबंधच नाही असं समजू नका. कैलास लेणं कोरलं राष्ट्रकूटांनी, अन् उत्तर कोकणातले शिलाहार हे त्यांचेच मांडलिक होते. पुढं आमच्या वेरूळच्या पाटीलकीचे मालोजीराजे भोसले, ज्यांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यांच्या नातवानं, म्हणजे शिवाजी महाराजांनी, १६८० मध्ये अलिबागसमोर भर पाण्यात कुलाबा किल्ल्याचं काम सुरू केलं. संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं. ओहोटीला किल्ल्यावर पायी जाता येतं, भरतीला नाही. आत गोड्या पाण्याचा साठा आहे. चारी बाजूंनी खारं पाणी अन् मधे गोडं. ज्यानं ती जागा निवडली त्यानं आधी पाणी पाहिलं असणार, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

अलिबाग हे नावही बागेवरनंच पडलं म्हणतात. अली नावाचा एक धनिक होता, त्यानं विहिरी खोदल्या, आंबा-नारळाच्या बागा लावल्या, ती अलीची बाग. म्हणजे बघा, किल्ला असो की बाग, त्या किनाऱ्यावर जो टिकला तो विहिरीच्या जोरावर टिकला.

मग हे उन्हाळी घराचं खूळ आलं कुठून? ते इंग्रजांनी आणलं. त्यांना आपला वैशाख सोसायचा नाही. १८२८-२९ च्या सुमाराला गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वर वसवलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढला, अन् तिथंही बंगले झाले. साहेब डोंगरावर गेला म्हणून मुंबईचे शेठ लोकही गेले, अन् काही जण समुद्राकडं वळले. जुहू तेव्हा मुंबईबाहेर होतं, नारळाच्या वाड्या अन् वाळू. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून हॉस्पिटलात गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्यानंतर विश्रांतीला ते जुहूलाच नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात राहिले होते. आज जुहूला विश्रांतीला कोणी जाईल का? शहर तिथवर पोहोचलं, अन् विश्रांती खाडी ओलांडून पलीकडं गेली, मांडवा, किहीम, नागाव, रेवदंडा.

किहीमचं एक सांगतो, आपल्या कामाचं आहे. पक्ष्यांचे अभ्यासक सालिम अली १९३० मध्ये नोकरी सुटल्यावर बायकोला घेऊन किहीमच्या घरी जाऊन राहिले. तिथं त्यांना सुगरणीची वसाहत सापडली. आपण सगळे समजतो की खोपा मादी विणते. त्यांनी दिवसचे दिवस बसून पाहिलं, अन् १९३१ मध्ये लिहिलं की खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन आत शिरून तपासते. पसंत पडला तर तो पुरा होतो, ती अंडी घालते, अन् नर तिला तिथं सोडून दुसरा खोपा विणायला घेतो. पसंत नाही पडला तर अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो. आपल्या विहिरीवरच्या बाभळीला असे अर्धे खोपे दिसतात, त्याचं कारण हे. किनाऱ्यावर फिरताना अर्धवट बांधलेले बंगले दिसत होते, तेव्हा मला सारखी त्या नराची आठवण येत होती.

असो. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गेलो. गाडीच बोटीत घालायची, अन् तासाभरात मांडव्याला उतरायचं. ही बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, तेव्हा रस्त्याचाही वळसा वाचला. दलालानं हे दोन्ही पाठ केलेलं होतं. जमीन विकणारा माणूस मातीबद्दल चकार शब्द बोलत नाही हे मला तिथं समजलं. तो फक्त मिनिटं सांगतो, जेटीपासून इतकी मिनिटं, बीचपासून इतकी मिनिटं.

पहिली जागा किहीमकडं, अगदी किनाऱ्याला लागून. भाच्याचे डोळे चमकले. मी विचारलं, भरतीची रेषा कुठं? दलाल म्हणाला, ते सगळं मॅनेज होतं. आता हे नीट समजून घ्या, कोकणात कोणाचे सोयरे असतील तर कामी येईल. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. त्यातून फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड अधिसूचना निघाली. ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही, पुढं ५०० पर्यंत अटी. २०११ मध्ये ती बदलली, २०१९ मध्ये परत बदलली. दाट वस्तीच्या गावांना आता २०० च्या जागी ५० मीटर, विरळ वस्तीला २०० च. कोणतं गाव कशात बसतं ते नकाशावर बघावं लागतं, दलालाच्या तोंडावर नाही. अन् मॅनेज होतं म्हणणाऱ्यांना एक उदाहरण पुरे. नीरव मोदीचा किहीमच्या किनाऱ्यावरचा बंगला मार्च २०१९ मध्ये जिल्हा प्रशासनानं सुरुंग लावून पाडला. भाच्याला म्हणलं, त्याच्याकडं तुझ्यापेक्षा जास्त मॅनेजर होते.

दुसरी जागा नागावकडं, वाडीतली. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग अन् त्यातच घर. इथं मला खरंच करमलं. वरती नारळ, खाली सुपारी, तिच्या अंगावर पानवेल किंवा मिरी, खाली केळ, एका गुंठ्यात चार मजली शेती. पूर्वी विहिरीवर रहाट असायचे, पाटानं पाणी आळ्या-आळ्यात जायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या किती वाड्या आडव्या झाल्या ते आपण टीव्हीवर पाहिलं असेल. माड परत लावला तर फळाला यायला वर्षं लागतात. म्हणून काही वाड्या विकायला निघाल्या त्या तेव्हापासून. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. गारपिटीनंतर आपल्याकडंही काय होतं ते माहीत आहे.

माझ्या खिशात ईसी मीटर असतं, ठिबकमुळं सवय लागलीय. वाडीच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, चांगलं होतं. शेजारी नवीन बंगला, त्याला पोहायचा हौद, त्याच्या बोअरचं पाणी मचूळ. मीटरनंही तेच सांगितलं. किनाऱ्याजवळ जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. ढोबळ हिशेब असा की वरची गोडी पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. उथळ विहिरीतून रहाटानं थोडं थोडं उपसणारा माणूस ती साय राखत होता. खोल बोअर घेऊन मोटार लावली की साय फाटते, अन् ती फक्त बंगल्याची नाही, शेजारच्या वाडीचीही फाटते. आपल्याकडं बोअर कोरडा पडतो, तिकडं खारा पडतो. आपल्याकडं निदान पुढच्या पावसाळ्याची आशा असते.

तिसरी जागा स्वस्त होती. दलालानं ती शेवटी दाखवली, कारण त्याला तीच विकायची होती. खारेपाटातली भातजमीन, सपाट, लांबवर खाडी चकाकतेय. भाचा म्हणाला, "मामा, वारा बघा." मी बांध बघत होतो.

खारजमीन म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. माती अन् दगडाचा बांध घालून भरती अडवायची, पावसाच्या पाण्यानं दोन-चार वर्षं मीठ धुवायचं, मग भात. बांधाला उघाडी ठेवतात, म्हणजे दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार मिटायचं. ही खारबंदिस्ती गावच्या गावं मिळून राखायची. १९४८ मध्ये मुंबई सरकारनं त्यासाठी कायदा केला, पुढं १९७९ चा आला, पण बांध फुटला की पहिली टोपली गावकऱ्याचीच.

तिथं एक वयस्क शेतकरी पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसले होते. दूरवर कार्ले, खंडाळ्याकडं त्यांच्या लेकीचं शेत, कांदा तिकडचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मिळालं आहे. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर अन् थोड्या विहिरीच्या पाण्यावर येतो, चवीला गोडसर, अन् पात न कापता वेणीसारखा गुंफून विकतात. आमच्याकडचा उन्हाळी कांदा अन् त्यांचा कांदा यावर अर्धा तास बोलणं झालं, मग मी बांधाचं काढलं. ते म्हणाले, बांधाच्या आत ज्याचं शेत आहे तो पूर्वी फावडं घेऊन यायचा. आता मधल्या चार तुकड्यांचे मालक कोण ते आम्हाला माहीत नाही. एकानं उघाडीकडं जाणाऱ्या वाटेवर फाटक लावलं, कुलूप घातलं. मागल्या श्रावणात उधाण होतं, वर पाऊस, पाणी सोडायला वेळेत जाता आलं नाही. आठ दिवस भात पाण्यात. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, आपण रोग पडला म्हणून सांगतो तसं सांगितलं.

मग निघताना म्हणाले, तुम्ही शेतकरी आहात तर चरी बघून जा, जवळच आहे.

चरी हे नाव मी शाळेच्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. दहावीपर्यंत शिकलोय, बार्डोली पाठ होतं, चरी नव्हतं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा, पण हळूहळू गावाचा मालकच झालेला. कुळानं कसायचं, खंडानं भात मोजून खोताच्या कोठारात घालायचं. पीक बुडालं तरी खंड बुडत नसे. वर वेठ वेगळी. कुळाचं नाव कागदावर लागू द्यायचं नाही हा खरा डाव, म्हणजे कधीही काढून टाकता येतं.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा भरली. पुढारी नारायण नागू पाटील, त्याच भागातले, आगरी समाजातले. आसपासच्या २५ गावांच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. गिरणीचा संप आपण ऐकलाय, हा शेतीचा संप. मंडळी, जरा विचार करा. कारखान्याचा कामगार संपावर गेला तर मशीन बंद राहतं. शेतकरी संपावर गेला तर त्याचं स्वतःचं ताट बंद राहतं. मृग निघाला, पाऊस पडला, बांधाआड पाणी साठलं, अन् नांगर घरात. एक हंगाम नाही, १९३९ पर्यंत, सहा वर्षं. लोकांनी जंगलातून लाकडं तोडून मोळ्या विकल्या, मिळेल ते खाल्लं. मला एक पेरणी चुकली तर घरात कोणाशी धड बोलता येत नाही. सहा हंगाम आपल्या हातानं पडीक ठेवणं म्हणजे काय, हे शेती केलेल्यालाच कळेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केलं. १९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाईंनी दखल घेतली अन् कुळांना कूळ म्हणून संरक्षणाची वाट मोकळी झाली. पुढं १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा, अन् १ एप्रिल १९५७, कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. कसेल त्याची जमीन हे आपण भाषणात ऐकतो. त्याची सुरुवात अशा खारट चिखलात झालीय.

संध्याकाळी दलालाकडून त्या तिसऱ्या जागेचे कागद मागून घेतले. तो म्हणाला, मामा, सातबारा क्लिअर आहे. मी म्हणलं, फेरफार दाखव. सातबाऱ्यावर जमिनीचं आजचं कळतं, तिचं मागलं सगळं फेरफारात असतं. भोगवटादार वर्ग २, इतर हक्कात शेरा, कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. मागं मागं गेलो. ३२-ग ची किंमत ठरवल्याची नोंद, ३२-म चं प्रमाणपत्र. त्याच्या आधी खोताचं नाव, अन् इतर हक्कात एक कूळ. ज्याच्या वारसाकडून आता ही जमीन विकत घ्यायची होती, त्याचाच तो आजा. तो संपात होता की नव्हता हे कागद सांगत नाही. त्या गावात त्या वेळी कूळ होता, एवढं सांगतो.

बेकायदेशीर काही नव्हतं. कलम ४३ ची जमीन पूर्वी परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून विकता येते, पण घेणारा शेतकरी असावा लागतो. कलम ६३ तेच म्हणतं. म्हणून तर माझा सातबारा हवा होता.

माझ्या आज्याचं नाव असंच इतर हक्कात होतं. आमच्याकडं हैदराबादचा १९५० चा कूळकायदा. आजा सावकाराचं वावर बटईनं करायचा. ३८-ई चं प्रमाणपत्र घरात आलं तेव्हा त्यानं ते फ्रेम करून देवघरात लावलं, गणपतीच्या शेजारी. ते पिवळं पडलंय, आजही तिथंच आहे. त्या कागदानं मी शेतकरी ठरतो. अन् तोच कागद दाखवून मी दुसऱ्या एका कुळाची जमीन, जी मी कधी कसणार नाही, माझ्या नावावर करून बंगल्याला द्यायची. रात्री लॉजवर समुद्राचा आवाज येत होता, झोप काही आली नाही.

सकाळी भाच्याला सांगितलं, "बापू, माझ्या नावावर नाही." आधी कायदा सांगितला, कारण शिकलेल्या पोराला कायदा लवकर पटतो. पैसे एकाचे अन् नाव दुसऱ्याचं हा बेनामी व्यवहार. १९८८ चा कायदा आहेच, २०१६ मध्ये तो कडक झाला, एक ते सात वर्षं सक्तमजुरी, वर बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड, अन् मालमत्ता जप्त. शिवाय उद्या मी गेलो तर वारस माझी लेकरं लागतील, तुझी नाही. तो म्हणाला, "मामा, आपल्यात असं होणार आहे का?" मी म्हणलं, "दाजी अन् त्यांच्या भावातही असं होणार नव्हतं." तो गप्प बसला.

बाकीचं मग परतीच्या बोटीत सांगितलं. आज्याचं, चरीचं, उघाडीच्या कुलपाचं. ते त्याला किती पटलं ते त्याचं त्याला माहीत. म्हणाला, "पण मामा, त्या माणसाला जमीन विकायचीच आहे. मी नाही घेतली तर दुसरा घेईल." याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्या वारसाच्या मुलीचं लग्न असेल, दवाखाना असेल. दाजींनीही विकलीच की. एवढंच म्हणलो, "घेईल तो घेईल, बांध फुटला तर तू ठाण्याहून फावडं घेऊन येशील का ते सांग."

बहीण महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती. "भावानं लेकराला परकं केलं," असं दाजींजवळ म्हणाली. आखाडीला गेलो तेव्हा पुरण वाढलं, पण ताट ठेवून आत निघून गेली.

इकडं आमच्याकडंही समृद्धी महामार्ग झाल्यापासून खुलताबाद-म्हैसमाळच्या रस्त्याला फार्महाऊस प्लॉटचे बोर्ड वाढलेत. लेणी इतकी मिनिटं, एअरपोर्ट इतकी मिनिटं. बोर्डावर विहिरीचं पाणी कुठंच लिहिलेलं नसतं. आपल्या कोणाच्या बांधाला असा प्लॉट पडला असेल अन् पाटाची किंवा पाणंदीची वाट अडली असेल, तर कमेंटमधे लिहा, तहसीलला अर्ज कसा केला तेही लिहा.

परवा भाच्याचा फोन आला. नागावला गावठाणातलं एक जुनं कौलारू घर विकायला आहे म्हणे. गावठाणातल्या घराला शेतकरी असण्याची अट नाही, ते त्यानं स्वतःच शोधून काढलं. अंगणात विहीर आहे, समुद्र दिसत नाही, चालत जावं लागतं. शेजारी सगळी बारमाही राहणारी माणसं. दिवाळीनंतर बघायला जायचंय. म्हणाला, "मामा, तुम्ही चला, अन् ते मीटर सोबत घ्या."

बॅटरी संपलीय, नवीन टाकायची आहे.